चित्रपत्त्यांची पेटी

दिवाळीपूर्वींची झाडलोट म्हणजे एकत्र कुटुंबांतील एक लहानशी राज्यक्रांतीच होय. माळ्यावरच्या जिनसा अंगणांत येतात, फडताळें रिकामीं होतात, आणि ‘हें कोणाचें?’ या प्रश्नास तीन हांका मारूनहि ज्याचें उत्तर येत नाहीं ती वस्तु रद्दीच्या पोत्यांत जाते. गेल्या दिवाळीच्या आधीं औंधास आमच्या घरीं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असाच पोत्यांत गेला. झांकण वांकलेलें, कडेला गंज चढलेला, आंत रबरानें आवळलेले रंगीत चौकोनी पुठ्ठे. सायंकाळीं शाळेंतून आलेला आमचा बारा वर्षांचा नातू तो डबा शोधूं लागला, आणि पोतें गेल्याचें कळतांच कांहीं न बोलतां जिन्याखालीं जाऊन बसला. त्या डब्यांत त्यानें तीन वर्षें जमविलेले क्रिकेटपटूंचे व जपानी चित्रकथांतील प्राण्यांचे दोनशेंहून अधिक चित्रपत्ते होते.

डबा टाकणारे हात आमचेच होते, हें येथें प्रांजळपणें लिहिलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही रद्दीच्या दुकानीं गेलों, तेव्हां डबा मोडींत गेलेला होता आणि पत्त्यांपैकीं एकेचाळीस तेवढे हातीं लागले. नातवानें ते मोजून घेतले, ‘असूं दे, आजोबा’ म्हणाला, आणि त्याच्या त्या समजूतदारपणानेंच आम्हांस अधिक लाजविलें.

पुढें चारच दिवसांनीं आमच्या स्वतःच्या कपाटांतून एक अल्बम निघाला. आमच्या आजींजवळ रविवर्मा छापखान्याचीं एकोणीस सचित्र पोस्टकार्डें होतीं. लग्नानंतर त्यांच्या वडिलांनीं तीं एकामागून एक वाईहून धाडलेलीं. पुढें लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला, आणि पाठीवर मोडी अक्षरांत माहेरच्या ख्यालीखुशालीच्या चार ओळी. आजींच्या पश्चात् तीं आमच्याकडे आलीं. सन १९८८ मध्यें, त्यांचें नीट जतन व्हावें एवढ्याच हेतूनें, आम्हीं तीं बाजारांत तेव्हां नव्यानें मिळूं लागलेल्या चिकट पानांच्या अल्बमांत लावलीं, वर पारदर्शक कागद ओढला, चार डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कपाट बंद केलें. आतां तीं सोडवूं गेलों तों पाठीवरील डिंक पिंवळा पडून घट्ट बसलेला. कार्ड उचललें कीं पाठीचा पापुद्रा पानालाच राही. चित्रांतील लक्ष्मी शाबूत राहिली. पाठीवरचे वडील गेले. तिसऱ्या कार्डाशीं आम्हीं हात आवरला. उरलेलीं सोळा अजून त्या पानांवरच आहेत.

नातवाचा ठेवा आम्हीं अनास्थेनें घालविला, आणि आजींचा ठेवा आस्थेनें घालविला. दोन्ही वेळां उणीव एकाच गोष्टीची होती : अशा कागदी वस्तूंना काय मानवतें आणि काय मानवत नाहीं, याची माहिती. ती आतां कांहीं वाचून, कांहीं जाणत्यांस विचारून आम्हीं गोळा केली आहे. आमच्या वाचकांच्या घरोघरीं असा एकादा डबा असेलच. त्याची आमच्या डब्यासारखी गत होऊं नये म्हणून यंदाचें हें सदर त्या विषयास दिलें आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करूं. ‘मुलांचे पत्ते ते काय, आणि त्यांचें जतन तें काय!’ असें घरांतील वडील मंडळी म्हणतात. आम्हींहि तेंच म्हटलें होतें. परंतु निदान औंधकरांनीं तरी असें म्हणूं नये. आमच्या गांवच्या यमाईच्या डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालय पाहावें. श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं तें १९३८ सालीं उभारलें. ते स्वतः चित्रकार, कीर्तनकार; त्यांच्या कुंचल्यांतून उतरलेलें चित्ररामायण १९१६ मध्यें प्रसिद्ध झालें. लहानशा संस्थानाच्या या अधिपतीनें आवडीनें जमविलेल्या वस्तु राजवाड्यांत कोंडून न ठेवतां लोकांपुढें मांडल्या. आणि म्हणूनच रविवर्म्याचीं मूळ चित्रें, जुनीं लघुचित्रें आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता-बालकाची मूर्ति आज खटाव तालुक्यांतल्या एका आडगांवीं पाहावयास मिळते. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, पंतप्रतिनिधि १९५१ मध्यें निवर्तले. संग्रह मात्र राहिला. जमविण्याची हौस पुष्कळांस असते. जमविलेलें पुढील पिढीच्या हातीं सुखरूप पोंचविणें हें निराळें व्रत आहे, आणि त्याचा धडा लहान वयांत एका डब्यावरहि घेतां येतो.

दुसरें असें कीं, चित्राचा पत्ता ही वस्तु आपणांकडे परकी नाहीं. सावंतवाडीचा गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफ्याचे पत्ते एकशें वीस; प्रत्येक अवताराचे बारा, त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहापर्यंतचे अंक. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवून, गोल कापून, हातानें रंगवून त्यांवर लाखेचा हात दिलेला असतो. ही कला लुप्त होण्याच्या बेतांत असतां सावंतवाडीच्या राजघराण्यानें १९७० नंतरच्या काळांत, विशेषतः राजमाता सत्वशीलादेवी भोंसले यांच्या परिश्रमानें, तिला पुन्हा उभें केलें. जतनाच्या दृष्टीनें या जुन्या कारागिरांची दूरदृष्टि पाहण्यासारखी आहे. पत्ता गोल, म्हणजे दुमडावयास व झिजावयास कोपराच नाहीं. वर लाखेचें कवच, म्हणून हाताचा घाम कागदापर्यंत पोंचत नाहीं. आणि संच ठेवावयास सरकत्या झांकणाची, पत्त्यांच्या मापाची लांकडी पेटी. आजच्या मुलाचा पत्ता चौकोनी आहे, पातळ आहे आणि पेटीविना आहे. म्हणूनच त्याला आपली मदत हवी.

छापील देवचित्रें घरोघरीं पोंचलीं तीं त्यानंतर. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं चित्रशाळा काढली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांच्या मोठ्या चित्रांना देवघरांत व ओटीवर चौकट मिळाली. लहान पोस्टकार्डें मात्र पेट्यांतून, पोथ्यांतून आणि आमच्या घरच्याप्रमाणें हौशी हातांतून नाश पावलीं.

पाश्चात्य देशांत तर अशा पत्त्यांचा संग्रह हा विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचीं पाकिटें दबूं नयेत म्हणून आंत एक जाड पुठ्ठा घालीत. त्यावर चित्र छापण्याची युक्ति निघाली आणि मुलें बापांजवळ तीं चित्रें मागूं लागलीं. अमेरिकेंतील जेफर्सन बर्डिक नांवाच्या गृहस्थानें असे पत्ते व जाहिरातींचे कागद जन्मभर जमविले. ते कांहीं धनिक नव्हते. विजेच्या सामानाच्या कारखान्यांत काम करीत, आणि संधिवातानें त्यांचीं बोटें आंखडलेलीं होतीं. सुमारें तीन लाख वस्तूंचा तो संग्रह त्यांनीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला आणि तेथें बसून वर्षानुवर्षें तो स्वतः अल्बमांत लावला. १९६३ च्या जानेवारींत शेवटचें पान पुरें झालें, आणि मार्च महिन्यांत ते वारले. आज त्यांचे ते अल्बम त्या संग्रहालयाचें भूषण आहेत. परंतु आजचा कोणताहि जाणता संग्राहक पत्ता पानास चिकटविणार नाहीं. तें शास्त्र त्यांच्यामागून पुढें गेलें आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. पत्त्याचे शत्रु मुख्यतः सहा : ओल, उष्णता, उजेड, कीड, आम्ल आणि हात.

ओल ही सर्वांत वाईट. कागद हवेंतील दमटपणा शोषतो आणि फुगतो. हवा कोरडी झाली कीं आकसतो. एकदां फुगल्यानें फारसें बिघडत नाहीं. वारंवार फुगणें-आकसणें यानें पत्ता वांकतो, रंगाचा थर तडकतो. औंध पर्जन्यछायेंतलें गांव. वैशाखांत हवा पापडासारखी कोरडी आणि आषाढ-श्रावणांत भिंतींना गारवा. कोंकणांत बाराहि महिने दमटपणा, तर इकडे हेलकावे. आणि कागदास हे हेलकावेच अधिक जाचतात. हल्लींच्या चकचकीत पत्त्यांच्या एका अंगास धातूचा वर्ख असतो. वर्ख ओल घेत नाहीं, मागचा कागद घेतो. म्हणून हे पत्ते पावसाळ्यांत कमानीसारखे वांकतात. मुलाला वाटतें आपण ते बिघडविले. त्याला कारण समजावून सांगावें.

हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा चाळीस ते पंचावन्न यांच्या दरम्यान राहिली तर कागद सुखी असतो. ती मोजण्याचें लहानसें यंत्र आतां अल्प किंमतींत मिळतें. एक घरांत असावें. पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या. मात्र दोन गोष्टींचें भान ठेवावें. पुड्या अति झाल्या तर पत्ते अति कोरडे होऊन उलट्या बाजूस वांकतात. आणि निळ्या खड्यांत कोबाल्टचें क्षार असतें, तें विषारी. घरांत लहान मुलें असतील तर नारिंगी खडे घ्यावे आणि तेहि मुलांच्या हातीं देऊं नयेत. डबा बंद करावयाचा तो कोरड्या दिवशीं. भर पावसांत बंद केलेला डबा म्हणजे ओल आंत कोंडणें होय.

जागा कोणती, याचा विचार स्त्रियांइतका दुसरा कोणी अचूक करणार नाहीं, कारण घरांतील कोणती भिंत पावसाळ्यांत घामेजते हें त्यांनाच ठाऊक असतें. पत्र्याखालचा माळा नको. वैशाखांत तेथें भट्टी असते. न्हाणीघराच्या व स्वयंपाकघराच्या भिंतीस लागून नको. एकीकडे वाफ, दुसरीकडे फोडणीचा तेलकट धूर. देवघरांत ठेवण्याचा मोह पुष्कळांस होतो, कारण चित्रें देवांचीं. परंतु निरांजनाची काजळी आणि उदबत्तीचा धूर यांचा थर कागदावर बसतो तो निघत नाहीं. तळघर नको, जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतींतला कोनाडा नको. माजघराच्या किंवा आंतल्या खोलीच्या मधल्या भिंतीशीं, भिंतीपासून चार बोटें सोडून, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवरचा कपाटाचा खण, ही घरांतील उत्तम जागा होय. लोखंडी कपाट असेल तर पावसाळ्यांत त्याच्या पत्र्यास थंडीनें दंव धरतें कीं काय हें पाहावें आणि डबा पत्र्याला टेकवूं नये.

उजेडाविषयीं एवढेंच सांगणें पुरे कीं, उडालेला रंग परत येत नाहीं. उन्हाची तिरीप ज्या भिंतीवर येते तेथें आवडता पत्ता चौकटींत लावणें म्हणजे त्याला रोज थोडथोडा पुसणें. लावावयाचाच असेल तर त्याची छायाप्रत लावावी आणि मूळ पत्ता अंधारांत ठेवावा.

कीड म्हणजे वाळवी, झुरळ आणि कसर. कसरीस खळ आणि ओल आवडते. जुन्या गंजिफ्याची चिंचोक्याची खळ तर तिचें पक्वान्नच. आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लाल कापडांत घट्ट बांधून त्यांत वेखंड ठेवलें. तो उपाय वाईट नव्हता, कारण त्यांतील मोठा गुण वेखंडापेक्षां घट्ट बांधण्यांत आणि पोथी नेमानें सोडून वाचण्यांत होता. ज्या पोथीचें पारायण होतें तिला कसर लागत नाहीं! कडुनिंबाचीं पानें कोणी थेट कागदावर ठेवतात. तीं ओलसर राहिलीं तर डाग पाडतात. ठेवावयाचीं तर खडखडीत वाळवून, तलम कापडाच्या पुरचुंडींत, कागदास न लागतील अशीं. डांबराच्या गोळ्या मात्र पत्त्यांच्या डब्यांतून हद्दपार कराव्या. त्यांची वाफ कांहीं जातींच्या प्लॅस्टिकला मऊ व चिकट करते, तिचा वास मुलांच्या नाकातोंडांत जातो, आणि लहान मूल त्यांस पेपरमिंट समजून तोंडांत घालण्याचें भय असतें तें वेगळेंच.

एकाद्या पत्त्यांत कीड शिरल्याचा संशय आला तर औषध न फवारतां एक सोपा उपाय करतां येतो. पत्ते पॉलिथीनच्या पिशवींत हवा काढून घट्ट बंद करावे आणि शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत, जेथें उणे अठरा अंशांपर्यंत थंडी असते तेथें, दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहूं द्यावी. लगेच उघडली तर पत्त्यांवर पाणी सुटतें. हा उपाय साध्या छापील पत्त्यांपुरता. हातानें रंगविलेल्या, लाख दिलेल्या गंजिफ्यास तो करूं नये.

आम्ल हा शत्रु दिसत नाहीं. स्वस्त पुठ्ठा लांकडाच्या लगद्याचा. त्यांतील लिग्निन काळानें आम्ल सोडतो. वर्तमानपत्र उन्हांत पिंवळें पडतें तें यानेंच. जोड्यांचें खोकें, मिठाईचें खोकें, वर्तमानपत्राची घडी यांत ठेवलेला चांगला पत्ताहि त्या आम्लानें तांबूस होतो. आतां आम्लरहित कागद व पुठ्ठे मोठ्या शहरांत मिळतात. मौल्यवान वस्तूंसाठीं ते आणावे. याच वर्गांत रबराचें कडें येतें. त्यांतील गंधक डाग पाडतो, उन्हाळ्यांत रबर वितळून कागदास धरतें आणि काढतांना कड फाटते. टांचणी गंजते. चिकटपट्टीचा डिंक पिंवळा होऊन कागदांत मुरतो. आणि चिकट पानांचा अल्बम कसा असतो, तें वर सांगितलेंच आहे.

प्लॅस्टिकविषयीं नीट समजून घ्यावें, कारण फसगत येथेंच होते. सारें पारदर्शक प्लॅस्टिक सारखें नसतें. पीव्हीसी या जातीचें प्लॅस्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत जें द्रव्य घालतात तें हळूहळू बाहेर पडतें, पत्त्याचा रंग उचलतें आणि काळानें आम्लहि सोडतें. नव्या रेनकोटाला येतो तसा उग्र वास ज्या पानास किंवा पिशवीस येतो ती घेऊं नये. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथीन किंवा पॉलिएस्टर यांच्या पिशव्या घ्याव्या. वेष्टनावर तसें लिहिलेलें असतें. त्या बिनवासाच्या असतात.

आतां ठेवण्याची रीत. हात धुवून कोरडे करावे. चिवडा खातां खातां पत्ते लावूं नयेत. पत्ता कडांना धरावा, चित्रास बोट लावूं नये, आणि बोटाला थुंकी लावून पत्ते उलगडण्याची नोटा मोजणाऱ्यांची संवय येथें मुळींच नको. प्रत्येक पत्ता स्वतंत्र पिशवींत. जो विशेष आवडता किंवा मोलाचा तो पिशवीसह एका ताठ पारदर्शक पाकिटांत. मग ते सर्व पेटींत उभे ठेवावे, ग्रंथालयांतील पुस्तकांच्या चिठ्ठ्या असतात तसे. फार दाटी नको, कारण काढतांना कडा घासतात. फार सैल नको, कारण पत्ते कलून वांकतात. जागा उरली तर पुठ्ठ्याची पाचर घालावी. अल्बमच हवा असेल तर कप्प्यांचा घ्यावा, ज्याचे कप्पे बाजूनें उघडतात तो. वरून उघडणाऱ्या कप्प्यांतून पत्ता अल्बम उलटा होतांच घसरतो. अल्बमाच्या गोल कड्या आंतील पत्त्यांना दाबून खुणा पाडतात. एक बाजू सपाट असलेल्या कड्या बऱ्या. अल्बमहि उभा ठेवावा, एकावर एक थप्पी करूं नये.

पत्त्यावर नांव लिहूं नये. लिहावयाचें तें बाहेरच्या चिठ्ठीवर, शिसपेन्सिलीनें. एका वहींत यादी ठेवावी : पत्ता कोणता, कोणाकडून, केव्हां मिळाला. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें काढून ठेवावींत. पाठीवर हस्ताक्षर असेल तर तें आजच टिपावें, त्याचें वाचन करवून घ्यावें. आमच्या आजींच्या कार्डांच्या पाठींचें एकहि छायाचित्र आम्हांपाशीं नाहीं. मोडी वाचणारे चुलते हयात होते तोंवर ‘सवडीनें करूं’ असें आम्ही म्हणत राहिलों.

पत्ता भिजलाच तर उन्हांत टाकूं नये, इस्त्री फिरवूं नये. टीपकागदाच्या दोन घड्यांत ठेवून वर पाटीसारखें सपाट वजन द्यावें आणि टीपकागद बदलत राहावें. दोन चकचकीत पत्ते एकमेकांस चिकटले असतील, किंवा कार्ड जुन्या डिंकास धरलें असेल, तर ओढूं नये. ओढणें हाच आमचा अपराध झाला. तें काम जुन्या कागदपत्रांच्या संवर्धनांत निष्णात असलेल्यांचें. त्यांना दाखवीपर्यंत वस्तु आहे तशी राहूं द्यावी. उरलेल्या सोळा कार्डांविषयीं आम्हीं आतां तेंच ठरविलें आहे.

आणि दर अमावास्येस पेटी एकदां उघडावी. ओल दिसते का, वास येतो का, कोपऱ्यांत बारीक भुसा पडला आहे का, एवढें पाहावयास पांच मिनिटें लागतात. हें काम मुलाकडेच द्यावें. वस्तूची मालकी जबाबदारीसकट मिळाली म्हणजेच ती खरी मिळते.

येथवर शास्त्र झालें. परंतु आमच्या घरचा डबा ओलीनें गेला नाहीं, कसरीनें गेला नाहीं. तो आमच्या हातानें गेला. हा सहावा शत्रु एकत्र कुटुंबांत सर्वांत बलवान् असतो, कारण तो प्रेमानें वागतो, अधिकारानें वागतो, आणि त्याला कोणी अडवीत नाहीं. वीस माणसांच्या घरांत मुलाला स्वतःची अशी खोली नसते, आणि ती असावीच असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु स्वतःचा असा एक खण असूं द्यावा. आमच्या घरीं आतां तीन नियम ठरले आहेत. ज्या पेटीवर नांव आहे ती त्या नांवाच्या माणसास विचारल्याशिवाय कोणी उघडणार नाहीं, मग तें माणूस सहा वर्षांचें कां असेना. झाडलोटींत निघालेली बेवारशी वस्तु एक आठवडा ओटीवर राहील, मगच पोत्यांत जाईल. आणि चुलत-मावस भावंडांत पत्त्यांची अदलाबदल झाली तर ती दोघांच्या वहींत लिहिली जाईल, म्हणजे रडारड होणार नाहीं आणि मोठ्यांना न्यायाधीश व्हावें लागणार नाहीं.

एक इशारा मात्र मुलांच्या बाजूनें नव्हे, मुलांसाठीं द्यावयास हवा. हल्लीं कांहीं पत्त्यांना मोठ्या किंमती येतात आणि त्यांच्या वार्ता मुलांच्या कानीं जातात. बंद पाकिटांत कोणता पत्ता निघेल हें ठाऊक नसतें. दुर्मिळ पत्ता निघेल या आशेनें पाकिटामागून पाकीट घेणें याला जुगाराची कळा यावयास वेळ लागत नाहीं. महिन्याचा आंकडा ठरवून द्यावा आणि तो मोडूं देऊं नये. पत्ता जतन करावयाचा तो पुढें विकून श्रीमंत होण्यासाठीं नव्हे. एकाद्याचें मोल वाढलें तर आनंदच आहे; परंतु नातवाच्या एकेचाळीस पत्त्यांतील त्याला सर्वांत प्रिय असलेला पत्ता बाजारांत दोन रुपयांनाहि कोणी घेणार नाहीं. पुण्याला शिकावयास गेलेल्या चुलतभावानें तो त्याला दिलेला आहे.

दिवाळीच्या सुट्टींत त्या दोघां भावांनीं आणि आम्हीं मिळून एक पेटी केली. सागवानी फळी घरांतलीच होती, झांकण सरकतें केलें, आंत आम्लरहित पुठ्ठ्याचें अस्तर लावलें. कारण कच्च्या लांकडांतूनहि आम्ल सुटतें, हें थोरल्या नातवानें पुण्याहून विचारून आणलें होतें. एका बाजूस एकेचाळीस पत्ते बसले. दुसऱ्या बाजूची जागा रिकामी होती. धाकट्यानें आपल्या पिशव्यांपैकीं तीन मोठ्या पिशव्या निवडल्या आणि आजींचीं तीं तीन सोलवटलेलीं कार्डें त्यांत घालून तेथें उभीं केलीं. वहींत त्यानें नोंद केली : ‘लक्ष्मी, दमयंती, शकुंतला. पणजोबांच्या आजोबांनीं वाईहून पाठविलीं. पाठीमागचें गेलें.’ ते पणजोबांचे आजोबा, म्हणजे आमच्या आजींचे वडील, त्याचे नेमके कोण, याचा हिशोब मांडण्यांत सारी संध्याकाळ गेली, आणि ज्यांचें नांव घरांत कित्येक वर्षांत कोणी उच्चारलें नव्हतें त्यांच्याविषयीं आठवतें तेवढें सर्व मुलांना सांगून झालें.

वाचकांच्या घरांतील डबे अद्याप पोत्यांत गेले नसतील अशी आशा आहे. येत्या कोरड्या दिवसांत ते एकदां उघडावे, रबरीं कडीं काढून टाकावीं, पाठीवरचीं अक्षरें उतरून घ्यावीं, आणि ज्याचा डबा त्याचें नांव वर घालावें. एवढें केलें तरी पावसाळ्यापूर्वींचें निम्मेंअधिक काम झालें असें समजण्यास हरकत नाहीं.